36 मिमीचं जुन्या धाटणीचं घड्याळ वीस वर्षं पुरेल का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: वय 31, राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, रोजचा प्रवास ट्रान्स-हार्बर लोकलने. मनगट सव्वासहा इंच. जुन्या धाटणीचं 36 मिमी व्यासाचं घड्याळ मनात भरलंय, बजेट वीस-पंचवीस हजार, आणि पुढची वीस वर्षं तेच एक वापरायची इच्छा आहे. मित्र म्हणतात, "लेडीज दिसेल, दोन वर्षांत फॅशन जाईल." घरात आजोबांचं एचएमटी जनता हे जुनं घड्याळ बंद पडून आहे, त्याचं काय करावं हेही विचारलंय. आणि शेवटी, चावीचं घ्यावं की ऑटोमॅटिक?

मी ठाण्यात, नौपाड्यात घड्याळं दुरुस्त करतो. दुकान वडिलांच्या काळापासूनचं. त्यामुळे माझं सांगणं घड्याळ विकणाऱ्याचं नाही, उघडून बघणाऱ्याचं आहे. या विषयावर बोलायला येणारे बहुतेक जण मिलिमीटरपासूनच सुरुवात करतात, पण तुमचं पत्र वाचून मला तुमची अडचण वेगळी वाटते. सोमवारी ऑफिसला, रविवारी बाजारात, मे महिन्यातल्या लग्नात आणि जुलैच्या पावसात, सगळीकडे हातात राहील आणि तरी ज्याचा कंटाळा येणार नाही, असं एकच घड्याळ असतं का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. असतं. आणि बहुतेक वेळा ते लहानच असतं. त्याला कारण आहे, ते पुढे सांगतो.

त्याआधी माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टी. नजर ही पहिली. ज्यांना चाळिशी लागली आहे आणि चष्म्याशिवाय वेळ बघायची आहे, त्यांना मी स्वतःहून मोठ्या आकड्यांचं घड्याळ सुचवतो. 34 मिमीच्या डायलवरच्या बारीक रेघा त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. दुसरी गोष्ट काम. वागळे इस्टेटमध्ये लेथवर किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्याला मी मेकॅनिकल, म्हणजे बॅटरीऐवजी स्प्रिंगवर चालणारं घड्याळ घेऊच नका असं सांगतो, आकार कुठलाही असो. तिसरी, मनगट. साडेसात-आठ इंची मनगटावर 34 मिमी खरोखर हरवतं. तुमचं सव्वासहा इंच आहे, वय 31 आहे, काम टेबलावरचं आहे. म्हणजे या तिन्ही बाबतींत तुम्हाला अडवणारं काही नाही.

आता मूळ मुद्दा. घड्याळाची बॅक उघडली की आत मशीन दिसतं. जगात अमाप वापरल्या गेलेल्या स्विस ऑटोमॅटिक मशीनपैकी एक म्हणजे ईटीए 2824. त्याचा व्यास 25.6 मिमी. सेइकोच्या साध्या घड्याळांतून वर्षानुवर्षं आलेल्या 7एस26चा व्यास 27.4 मिमी. म्हणजे माणसाच्या मनगटावर चालणारं मशीन साधारण या मापाचं असतं आणि त्याभोवती केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच), सील आणि काच बसवली की 35 ते 38 मिमीचं घड्याळ आपोआप तयार होतं. कुणी चित्र काढून ठरवलेला हा आकार नाही, मशीनच्या मापातून आलेला आहे.

आता 44 मिमीचं घड्याळ घ्या. बऱ्याचदा आत मशीन तेच असतं. मग उरलेली जागा भरायला भोवती प्लास्टिकची किंवा धातूची रिंग घालतात. ही रिंग बॅक उघडेपर्यंत कुणाला दिसत नाही, पण डायल तिची चुगली करतो. तारखेची चकती मशीनवर बसलेली असते, ती मशीनपेक्षा मोठी होऊ शकत नाही. डायल मात्र मोठा झालेला असतो. त्यामुळे तारखेची खिडकी कडेला राहायच्या ऐवजी मध्याकडे सरकते आणि तिच्या उजवीकडे रिकामी जागा उरते. ती भरायला मग तिथे जास्तीचे ठिपके, रेघा, एखादं कडं येतं. खाली छोटा सेकंदकाटा असलेल्या घड्याळात हे आणखी ठळक दिसतं. तो छोटा गोल सहाच्या आकड्यापाशी असायला हवा, तो काट्यांच्या बुडाशी येऊन चिकटतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं. माझा अनुभव असा की घड्याळाचा कंटाळा येतो तो बहुतेक वेळा इथूनच.

गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर शोरूममध्ये गेलात की ही परीक्षा करून बघा. तारखेची खिडकी मिनिटांच्या पट्टीला लागून आहे का? मिनिटकाट्याचं टोक त्या पट्टीला टेकतंय का, की अलीकडेच संपतंय? सेकंदकाटा कडेपर्यंत पोचतोय का? या तीन गोष्टी जमलेल्या असतील तर ते घड्याळ घडवणाऱ्याने मशीन आणि डायलचा एकत्र विचार केलाय. अशी घड्याळं 36-38 मिमीत सहज सापडतात. मोठ्या आकारातही मिळतात, पण शोधावी लागतात आणि सहसा महाग असतात, कारण त्यांच्यासाठी मशीनही मोठं बनवावं लागतं.

"लेडीज दिसेल" याबद्दल. घरातला जुना अल्बम काढा आणि आजोबांच्या पिढीतल्या पुरुषांची मनगटं बघा. त्या काळी 33 ते 36 मिमी हेच पुरुषांचं माप होतं. बायकांची घड्याळं त्याहून खूपच लहान, आजच्या एक रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहूनही छोटी असत. रोलेक्सने 1945 मध्ये डेटजस्ट काढलं ते 36 मिमीचं, आणि ते पुरुषांसाठीचं पूर्ण आकाराचं घड्याळ मानलं जायचं. त्यांचं एक्सप्लोरर 1953चं, तेही 36 मिमी. पुढे मोठ्या घड्याळांची लाट आली. 2010 मध्ये एक्सप्लोरर 39 मिमीचं झालं आणि 2021 मध्ये कंपनीने ते परत 36वर आणलं. टायमेक्सने 2017 मध्ये जुनं मार्लिन पुन्हा काढलं ते 34 मिमीचं, चावीचं. हॅमिल्टनचं 1960च्या दशकातल्या सैनिकी घड्याळांवरून बेतलेलं चावीचं खाकी फील्ड 38 मिमीचं आहे. तुमच्या मित्रांना फॅशन जाईल अशी भीती वाटते, पण जी गेली ती 44-46 मिमीची फॅशन. अशी घड्याळं माझ्याकडे आता दुरुस्तीला कमी आणि "कुणी घेईल का" विचारायला जास्त येतात.

आणि समजा उद्या तुमच्या बायकोने किंवा बहिणीने ते घड्याळ घातलं, तर तिच्याही हातावर ते शोभेल. मला तर हा मोठा गुण वाटतो. माझ्याकडे अशी घरं आहेत जिथे वडिलांचं घड्याळ आज मुलगी घालते, आणि सर्व्हिसिंगलाही तीच घेऊन येते.

आता मापाचं. व्यासाचा आकडा जाहिरातीत असतो, पण मनगटावर बसतं ते दुसरं माप: वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचं. पट्टा ज्यात अडकतो त्या चार शिंगांना आम्ही कान म्हणतो. 36 मिमीच्या घड्याळाचे कान लांब आणि सरळ असले तर ते 39 मिमीच्या आखूड, वळलेल्या कानांच्या घड्याळापेक्षा मोठं भासतं. तुम्ही घरी एवढं करा: मनगट टेबलावर पालथं ठेवा आणि वरचा सपाट भाग पट्टीने मोजा. सव्वासहा इंची मनगटाला तो साधारण 5 सेंमी भरतो. कानाचं माप त्याच्या आत राहिलं पाहिजे, म्हणजे 42 ते 46 मिमी तुमच्यासाठी उत्तम. ऑनलाइन मागवणार असाल तर त्या लांबीचा पुठ्ठा कापून मनगटावर ठेवून आरशात बघा. हाताकडे वरून बघू नका, आरशातच बघा, कारण लोकांना तुमचं घड्याळ तेवढ्याच अंतरावरून दिसतं.

जाडीही विचारा. 11 मिमीच्या आतलं घड्याळ शर्टाच्या कफखाली सरकतं. त्याहून जाड असलं की कफ वर अडकून बसतो. तुमच्यासाठी याचं महत्त्व दुप्पट आहे. सकाळच्या गर्दीत ठाण्याला गाडीत शिरताना सॅकचे पट्टे, दुसऱ्यांच्या बॅगांच्या चेन आणि दाराचा दांडा या सगळ्यांशी मनगटाची गाठ पडते. जाड, बाहेर आलेल्या घड्याळाची काच कडेला टवका उडून माझ्याकडे येते, नाहीतर चावीला धक्का बसून स्टेम, म्हणजे चावीची आत जाणारी दांडी, तुटलेला असतो. वर कडी पकडली की मोठ्या घड्याळाची चावी तळहाताच्या मागे रुतते, हा त्रास तर कितीतरी जण बोलून दाखवतात. लहान आणि पातळ घड्याळ या सगळ्यातून सुटतं.

एकच घड्याळ सगळीकडे चालवायचं तर अर्धं काम पट्टा करतो. डायल साधा घ्या: पांढरा, मोतिया किंवा काळा, आकडे किंवा रेघा स्पष्ट, जमलं तर तारीखही नको. केस स्टीलची, फार चकचकीत नसलेली. पट्ट्याची रुंदी 18 किंवा 20 मिमी आहे ना एवढं बघून घ्या, कारण हे दोन पट्टे कुठल्याही दुकानात मिळतात. 19 किंवा 21 असेल तर शोधत बसाल. मग लग्नाला तपकिरी चामड्याचा, ऑफिसला स्टीलचा, पावसात नायलॉनचा. पिन काढून पट्टा बदलायला पाच मिनिटं लागतात आणि घड्याळाचा नूर पालटतो. मोठ्या, जाड घड्याळाला चामड्याचा पातळ पट्टा लावला की ते उघडं पडतं. लहान घड्याळाला मात्र तिन्ही पेलतात. चामडं जून ते सप्टेंबर कपाटात ठेवा. आपल्या दमट हवेत घामाने भिजलेलं चामडं कुजतं आणि त्या ओलाव्याने पिनाही गंजतात. गंजलेली पिन गर्दीत तुटली तर घड्याळ कधी पडलं ते कळतही नाही.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या धाटणीच्या घड्याळांचा कच्चा दुवा हाच. बॅकवर "30 मीटर" लिहिलेलं असतं म्हणजे 30 मीटर खोल जाता येतं असं नाही. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. 30 मीटरचं घड्याळ हात धुताना उडणारं पाणी सोसतं, त्यापुढे त्याच्यावर विसंबू नका. 50 मीटरचं पावसात भिजलं तरी चालावं. पोहायचं असेल तर 100 मीटर. आणि हे सगळं रबराचे सील ताजे असेपर्यंतच. दोन-तीन वर्षांत सील कडक होतात, मग बॅकवर काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर काचेच्या आतून वाफ धरलेली घड्याळं रांगेने येतात. पाणी बहुतेक वेळा चावीच्या नळीतून शिरतं. आधी स्टेमला तांबूस गंज चढतो, मग तो शेजारच्या छोट्या स्प्रिंगांवर आणि चाकांवर जातो. काचेत वाफ दिसली की त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्यावं. "उन्हात ठेवलं, गेली वाफ" म्हणून सोडून दिलेलं घड्याळ महिन्याभराने येतं तेव्हा पार्ट बदलावे लागतात. तुम्ही रोज स्टेशनपासून पावसात चालणारे, तेव्हा नवीन घेताना किमान 50 मीटर घ्या, आणि दर पावसाळ्याआधी सील तपासून घ्या.

पावसाखालोखाल तुमच्या ऑफिसचा धोका म्हणजे चुंबक. लॅपटॉपचे स्पीकर, टॅबलेटचं झाकण, इअरफोनची डबी, फोनचं चुंबकवालं कव्हर. यांच्यावर घड्याळ काढून ठेवलं की आतल्या हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे धावायला लागतं. कालपर्यंत नीट असलेलं घड्याळ आज अचानक पुढे जात असेल तर पहिला संशय हाच घ्या. फोनमधलं होकायंत्राचं ॲप उघडून घड्याळ जवळ नेलं आणि सुई जोरात हलली, तर संशय पक्का. चुंबक उतरवायला आमच्याकडे यंत्र असतं, काही सेकंदांचं काम आहे. या एवढ्याशा कारणासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मागत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

इथवरचं एकत्र करायचं तर तुमच्यासाठी नवीन घड्याळ असं: 36 ते 38 मिमी, कानाचं माप 46च्या आत, जाडी 11च्या आत, 18 किंवा 20चा पट्टा, साधा डायल, 50 मीटर, आणि आत असं मशीन जे ठाण्यातला कुठलाही जाणता कारागीर उघडू शकेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं. वीस वर्षांत घड्याळ चार-पाच वेळा उघडलं जाणार. डायलवर नाव कुणाचंही असो, आत सेइकोचं, मियोटाचं किंवा ईटीए-सेलिटाचं मशीन असेल तर पार्टची अडचण सहसा येत नाही. घेण्याआधी मशीनचा नंबर विचारा. विक्रेत्याला तो सांगता येत नसेल तर थांबा.

पण माझं म्हणणं ऐका: आत्ता पैसे काढू नका. आधी आजोबांचं जनता चालू करा.

एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि जनता हे त्यांचं घरोघरी पोचलेलं चावीचं घड्याळ. साधारण 35 मिमी, 17 ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते छोटे खडे), 18 मिमीचा पट्टा. म्हणजे तुम्ही ज्या मापाचं घड्याळ बाजारात शोधताय ते तुमच्या कपाटातच आहे. दोन महिने ते मनगटावर बांधा. लहान वाटतं का, मित्रांचं बोलणं मनाला लागतं का, रोज चावी द्यायला आवडतं का, सगळी उत्तरं सर्व्हिसिंगच्या खर्चात मिळतील. कंपनीचा घड्याळ विभाग बंद करायला 2016 मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली खरी, पण ही घड्याळं इतकी बनली आहेत की जुन्या मशीनचे पार्ट आम्हा लोकांकडे अजून निघतात. एचएमटीच्याच पायलट या घड्याळाचे आणि जनताचे बरेच पार्ट एकमेकांना लागतात.

मात्र दुकानात देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, केस बफवर घासायची नाही. जनताच्या बऱ्याच केस पितळेच्या आहेत, वर क्रोमचा मुलामा, फक्त बॅक स्टीलची. चकाकी आणायला बफ मारला की कानांच्या कडांवरचा क्रोम उडतो आणि खालचं पिवळं पितळ दिसायला लागतं. ते पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. प्लास्टिकची काच मात्र खुशाल पॉलिश करून घ्या किंवा बदला, तिचं काहीच मोल नाही. दुसरं, डायल रंगवायचा नाही. डाग असतील, पिवळेपणा असेल, राहू द्या. आजोबांनी बघितला तो डायल तोच. बाजारात लाल, निळ्या, हिरव्या डायलची "जुनी" एचएमटी मिळतात, त्यांतली बहुतेक अशी रंगवलेली असतात. आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावून बघितलं तर अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर न येणाऱ्या, कडेच्या खाचेत रंग साचलेला दिसतो. काटे तिसऱ्याच घड्याळाचे असतात. त्यामुळे ऑनलाइन जुनं घ्यायचा मोह झाला तर आवरा. आणि कुणाकडे 1950 च्या आसपासचं, अंधारात चमकायच्या रंगाचे आकडे असलेलं परदेशी घड्याळ असेल, तर त्याचा डायल घरी खरवडू नका. त्या रंगात रेडियम असण्याची शक्यता असते.

सर्व्हिसिंग म्हणजे मशीन पूर्ण सुटं करून, धुऊन, नवीन तेल घालून परत बसवणं. बॅक उघडून वरून तेलाचे दोन थेंब सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. जुनं तेल चिकट झालेलं असतं, त्यात नवीन मिसळलं की चार महिन्यांत घड्याळ पुन्हा थांबतं. काम झाल्यावर बदललेले पार्ट परत मागा. चांगला कारागीर ते न मागताच पुडीत बांधून देतो.

मग वेळेची अपेक्षा किती ठेवायची? एका दिवसात 86,400 सेकंद असतात. तुमचं जनता दिवसाला 30 सेकंद चुकलं तर ती चूक 0.035 टक्के झाली. एवढ्या जुन्या घड्याळाला मी यात पास करतो. रविवारी सकाळी फोनवरून लावून घ्या, आठवडाभर गाडी चुकणार नाही. पावसाळ्यात मात्र ते घालू नका, जनता पाण्यासाठी बनलेलंच नाही. म्हणून मी म्हणतो, नवीन घ्यायचं तर ते मे महिन्यात, दोन-तीन महिने जनता वापरून झाल्यावर घ्या.

राहिला प्रश्न चावीचं की ऑटोमॅटिक. जो माणूस तेच एक घड्याळ रोज घालणार आहे त्याला ऑटोमॅटिक सोयीचं, कारण हात हलतो तशी स्प्रिंग भरत राहते. पण आत फिरणाऱ्या वजनामुळे जाडी थोडी वाढते, आणि दिवसभर कीबोर्डवर हात ठेवून बसणाऱ्याचं घड्याळ कधीकधी पुरतं भरत नाही, हे आयटीतल्या गिऱ्हाइकांकडे मी पाहतो. चावीचं पातळ असतं, पार्ट कमी, दुरुस्ती सोपी. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची, हाताला अडलं की थांबायचं, त्यापुढे जोर लावायचा नाही. तुमचं मनगट आणि तुमची गर्दी बघता मी चावीचं घेईन. रोज चावी देणं जमणार नाही असं दोन महिन्यांत लक्षात आलं, तर ऑटोमॅटिक घ्या, फक्त असं घ्या ज्याला हाताने चावीही देता येते. आणि या दोन्हींचा त्रास नको असेल तर त्याच मापाचं क्वार्ट्झ घ्यायला काहीच हरकत नाही. बॅटरी संपली की ती आत तशीच ठेवू नका एवढंच. गळालेली बॅटरी सर्किट खाते.

जनता उघडून घेतलंत आणि कारागिराने काही भलतंच सांगितलं, तर मशीनचा बॅक उघडलेला स्पष्ट फोटो इथेच टाका. बघून सांगतो.